दोन टिंबांमागचं नाव

साहेबांनी माझ्या नावाच्या ओळीपुढे दोन टिंबं मारली आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, गायब."

पाहुणे हसले. दोघंही कोळसा खाणीच्या भांडार विभागाचे मोठे अधिकारी, सफारी घातलेले. एकाच्या हातात चहाचा कप होता, तो बशीत जरा हिंदकळला. एवढी मजा आली त्यांना.

पडद्यावर माझं नाव अजून दिसत होतं. माझं, बाबांचं, आडनाव. हिरव्या अक्षरांत, अख्खं. फक्त त्याच्यापुढे दोन टिंबं.

"फाइलीत आहे, पण कागदावर येणार नाही," साहेब समजावत होते. जादूगार रिकामा रुमाल झटकून दाखवतो ना, तसे. "असं कुणाचं मनही मोडत नाही आणि पानही स्वच्छ दिसतं."

स्वच्छ.

हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. आजीनं तो विहिरीवर ऐकला होता, बाबांनी शाळेत. मी ऐकला तो धरमपेठेत, थंडगार खोलीत, संगणकासमोर बसून. पिढीगणिक जागा तेवढी सुधारत गेली आमची.

"चल, छाप आता," साहेब मला म्हणाले.

जरा थांबा. छापते. पण आधी त्या टिंबांचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई टिंबांवरून काय एवढी पेटली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात तेव्हा संगणक पाहिलेली माणसं कमी आणि त्याबद्दल बोलणारी फार. आमची कंपनी छोटी होती. खाणीच्या भांडारातला माल मोजणारा प्रोग्राम आम्ही बनवला होता, आणि तो कसा चालवायचा हे सांगणारं पुस्तक लिहायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा आताच्यासारखं नव्हतं, की अक्षर निवडलं आणि ठळक केलं. पडद्यावर सगळी अक्षरं सारखीच, कवायतीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी. कागदावर कोणती मोठी यायची, कोणती मधोमध, कुठे नवा परिच्छेद, हे यंत्राला खुणेनं सांगावं लागे. ओळीच्या अगदी सुरुवातीला टिंब आणि पुढे दोन इंग्रजी अक्षरं. टिंब टी-एल म्हणजे खाली पुस्तकाचं नाव येतंय. टिंब एस-एच म्हणजे मथळा. टिंब पी-पी म्हणजे नवा परिच्छेद. टिंब ए-यू म्हणजे पुढच्या ओळीत लेखकाचं नाव.

एक टिंब म्हणजे हुकूम. यंत्र तो मुकाट ऐकायचं.

आणि दोन टिंबं म्हणजे ही ओळ स्वतःपुरती. लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी टिपण ठेवावं म्हणून ती सोय. 'इथे आकृती घालायची आहे', 'हे पुन्हा तपासणे' असलं काहीबाही. यंत्र ती ओळ वाचायचं आणि सोडून द्यायचं.

मला वेड लागलं होतं त्या खुणांचं. खरंच सांगते. बसमध्ये उभी असले तरी समोरच्या बाईच्या बोलण्याला मी मनात खुणा लावत बसायची. हा मथळा, हा परिच्छेद, ही सासू ठळक.

घरी बाबांना सांगितलं तर त्यांना सगळं पटकन कळलं. बाबा महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचे उलटे खिळे कप्प्यांच्या खोक्यातून उचलून ओळ बांधायची, फर्मा तयार करायचा, छापून झालं की एकेक खिळा परत आपापल्या कप्प्यात टाकायचा. बोटं कायमची काळी.

"म्हंजे तू बी आमचंच काम करून राहिली," ते म्हणाले. "फक्त हात काळे नाही होत तुये."

बाबांनी जन्मभर लोकांची नावं जुळवली. नवरदेवांची, वकिलांची, निवडणुकीला उभं राहिलेल्यांची, मेलेल्यांची. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःचं नाव जुळवलं. मोठ्या ठळक टायपात. एक कागद काढायचा, एवढीच हौस. मालक आला. म्हणाला, "टाइप झिजतो फुकट. टाक परत." बाबांनी आपल्या नावाचा एकेक खिळा उचलून परत कप्प्यात टाकला. मालक उभा राहून बघत होता.

हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. मी हसले नव्हते.

म्हणून जेव्हा साहेब म्हणाले, "पुस्तक तू लिही, लेखक म्हणून नाव तुझंच टाकू," तेव्हा मी घरी जाऊन पहिलं हेच सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला. मग रोज एकच प्रश्न. मी चपला काढतेय तोवर आतून आवाज यायचा, "कां वं, कुठवर आलं पुस्तक?"

पुस्तक मी नुसतं टाइप नाही केलं. लिहिलं. खाणीच्या भांडारात जाऊन बसायची मी, धुळीत. तिथला म्हातारा कारकून पडद्याला हात लावायला घाबरायचा. "बाई, हे बटन दाबलं त माल जाते कुठी? मले साहेब धरीन ना." त्याला कळेल ते वाक्य ठेवायचं, बाकी खोडायचं, असं करत करत पुस्तक झालं.

आता कंपनीतली हवाही सांगते. यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. धुळीसाठी, ठीक आहे. पण साहेब तिला खोली म्हणत नसत, गाभारा म्हणत. साहेब माझ्याशी अगं-तुगं, आणि माझ्यानंतर नोकरीला लागलेल्या, माझ्याहून लहान कुंदाला "कुंदाताई, जरा बघता का." कुंदा चांगली मुलगी होती. तिला हे कधी ऐकूच आलं नाही. तिच्या कानांचा दोष नव्हता, तिला ते ऐकायची गरज कधी पडली नव्हती.

खंडेनवमीला यंत्राची पूजा. नारळ, झेंडूची माळ, हळद-कुंकू, अक्षता. मी आत जायला निघाले तर साहेब दारात आडवे आले. फार गोड आवाजात म्हणाले, "तुमच्यात हे करत नाहीत ना? मग तू बाहेरच थांब. उगाच तुलाच अवघडल्यासारखं होईल."

माझी कोण काळजी.

मी काचेबाहेर उभी राहिले. आत आरती चालली होती. मला आवाज येत नव्हता, तोंडं तेवढी हलताना दिसत होती. साहेबांनी भक्तिभावानं कीबोर्डवर अक्षता टाकल्या. मूठ भरून.

सुट्टीनंतर मी कामाला बसले तर टिंबाची कळ दबेना. टिंब नाही म्हणजे हुकूम नाही. मथळा नाही, परिच्छेद नाही, कागदावर नुसता गोंधळ. साहेब घाबरे झाले. मग मला म्हणाले, "तूच बघ गं, तुझा हात हलका आहे." कळ उपसून काढली. खाली हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा दाणा बसला होता, ऐटीत. मी तो टाचणीनं उचलून साहेबांच्या तळहातावर ठेवला. आता गाभाऱ्यात मी चालले. पूजेला नाही, साफसफाईला चालले. हेही घराण्याला साजेसंच.

हसा तुम्ही. मीही हसून सांगते. पण त्या दिवशी दातांवर दात इतके दाबले होते की कानशील ठणकत होतं.

तर असा तो दिवस. पाहुण्यांच्या समोर पुस्तकाची पहिली प्रत छापून त्यांच्या हातात द्यायची होती. पाहुण्यानं सहज विचारलं, "एखादी ओळ छापायची नसेल तर काय करता?" साहेबांनी माझ्या खांद्यावरून हात घातला, कर्सर वर नेला. अख्ख्या पुस्तकात शेकडो ओळी होत्या. त्यांना दाखवायला सापडली ती माझ्या नावाची.

मला वाटलं, दाखवण्यापुरतं असेल. आता काढतील.

"सर," मी म्हटलं, "टिंबं काढते मग."

"राहू दे."

"तुम्ही म्हणाला होतात, लेखक म्हणून..."

"अगं, म्हणालो असेन." ते वाकले, आवाज खाली आणला, पण पाहुण्यांना ऐकू जाईल इतकाच खाली. "गिऱ्हाइकाच्या टेबलावर जाणारं पुस्तक आहे. आडनाव वाचलं की माणसं पुढचं वाचत नाहीत. तुझ्या भल्याचंच सांगतोय. आणि टायपिस्टचं नाव कुठे छापतात?"

कुंदानं मागून माझी ओढणी हलकेच ओढली. "जाऊ दे ना," ती पुटपुटली. "कशाला वाढवतेस?"

मी पडद्याकडे पाहिलं. माझ्या नावाच्या वरच साहेबांची ओळ होती. 'संकल्पना व मार्गदर्शन' आणि खाली त्यांचं भारदस्त नाव. बोटं शिवशिवली. दोन टिंबं माझ्यापुढून काढायची आणि तिथे लावायची, काम दोन क्षणांचं. नाटक मला आवडतं, आणि नाटक तर तयारच होतं, प्रेक्षकांसकट.

नाही केलं. मला त्यांची ओळ नको होती. मला माझी हवी होती.

मी कर्सर माझ्या नावाशी नेला. एक टिंब खोडलं. दुसरं खोडलं. वर आणखी एक ओळ घातली, ठळक अक्षरांच्या हुकुमाची. मग छपाईची कळ दाबली.

तेव्हाचा प्रिंटर म्हणजे सुयांचा. कागदावर सुया आपटून आपटून अक्षर उठवायचा, आणि ठळक अक्षरावरून दोनदा जायचा. त्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर कुणी नखं ओढावीत. पुस्तकाचं नाव आलं. साहेबांचं नाव आलं. मग सुया थोड्या थांबल्या आणि माझं नाव आलं, अक्षर-अक्षर, दोनदा.

साहेबांनी पान ओढलं. वाचलं. कडेच्या भोकांच्या पट्ट्यांसकट ते उभं फाडलं, मग आडवं. तुकडे टोपलीत टाकले.

"पुन्हा छाप. नीट."

"मी नीटच छापलंय," मी म्हटलं. "एकदाच छापते."

"मग उद्यापासून येऊ नकोस. कुंदाताई, बसा तुम्ही."

कुंदा बसली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची बोटं टिंबाच्या कळेवर गेली. एकदा, दोनदा. तो आवाज मला अजून ओळखता येतो.

टोपली माझ्या पायाशीच होती. वाकून नावाचा तुकडा घेता आला असता. घेतला नाही. दुसऱ्यानं टाकलेलं उचलणं आमच्या घरानं छप्पन्न साली, दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं. मी बाहेर येऊन चपला घातल्या आणि निघाले.

घरी पोहोचले तर आतून तोच आवाज. "कां वं, आलं काय पुस्तक?"

मी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. सांगताना मान ताठ होती माझी, नाटकातला शेवटचा प्रवेश सांगावा तशी. 'एकदाच छापते' हे वाक्य तर मी उभं राहून म्हणून दाखवलं. वाटलं, बाबा आता पाठीवर हात ठेवतील.

बाबांनी आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ठळक होतं?"

"हो."

"अन् त्यानं फाडलं."

"हो."

"मंग दुसरं काहून नाही छापलं तू?"

मी उभी होते, ती खाली बसले.

"मायासमोर मालक उभा होता, मी खिळे परत टाकले," बाबा म्हणाले. आवाज चढला होता. असा मी कधी ऐकला नव्हता. "तुये हात कोनं धरले होते? एक फाडलं त दुसरं छापाचं. एकदाच म्हने. एकदा त आमी बी जुळवलं होतं."

त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही नाही. मला राग त्यांचा आला, मग साहेबांचा, आणि शेवटी माझ्या त्या झोकदार वाक्याचा. एकदाच. फाडणाऱ्याला याहून सोयीचं काय असतं?

ते पुस्तक खाणीत गेलं. वर साहेबांचं नाव. आत वाक्यं माझी. तो म्हातारा कारकून ती वाचून बटण दाबत असेल.

आता पन्नाशी जवळ आली. वस्तीतल्या मुलींना मी संगणक शिकवते, बुद्धविहारामागच्या खोलीत. पूजा नाही, चपला घालून या. बाकीचे मास्तर मथळ्यापासून सुरू करतात. मी लेखकाच्या ओळीपासून. आधी नाव, आडनावासकट, ठळक. मग मुद्दाम जपून ठेवलेल्या जुन्या प्रोग्रामवर दोन टिंबं शिकवते. तीही लावून दाखवते, मुलींच्याच नावाला, आणि बघायला लावते कागदावर काय येतं ते. काही येत नाही. मग त्यांच्याकडूनच ती खोडून घेते आणि छापायला लावते. एकदा नाही. परत. परत.

कारण कुणीतरी येणार आहे, गोड बोलणार आहे, खांद्यावरून हात घालून ती दोन टिंबं लावणार आहे. त्याच्यासमोर खोडायची. त्यानं पान फाडलं तर दुसरं छापायचं. तेही फाडलं तर तिसरं.

फाडणाऱ्याचे हात दुखेपर्यंत.