चाळीस दिवसांचा धोटा

भिवंडीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लूमवर नगरकडचा एक ख्रिस्ती कामगार होता. लूमच्या खडखडाटाची सवय अशी, की चहाच्या टपरीवरही तो ओठ मोठे हलवून सावकाश बोलायचा. ईस्टरआधीचे चाळीस दिवस त्याचा उपास असायचा. तेव्हा तो चहा सोडायचा आणि माझ्या कपाकडे बघत बसायचा.

त्या वर्षी, नेमकं उपासातच, मुकादमाने मला दुसरे लूम दिले. दुसऱ्या शिफ्टला त्यांवर क्षय झालेला एक विणकर असायचा. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बदलली की त्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागायचा. धोटा तोच, तोंडं दोघांची. तक्रार केली तर त्या विणकराची नोकरी जाणार. धोटा हातात धरून मी नुसता उभा राहिलो.

तो नगरकडचा कामगार आला, त्याने माझ्या हातातून धोटा घेतला.

"तू माझ्या लूमवर जा."

"आणि तू?"

"माझे उपासाचे दिवस हायेत, भाऊ. नुसता चहा सोडला म्हंजी काय सोडलं?"

आणि त्याने धोट्याला ओठ लावले.

पावसाळा सरता सरता तो खोकू लागला. टपरीवर स्वतःचा पेला आणायचा. माझ्याशी बोलताना तोंडावर रुमाल धरायचा, ते मोठे हलणारे ओठ दिसेनासे झाले.

उपास चाळीसच दिवसांचा होता. ईस्टर झाल्यावर मला दिलेले ते लूम मी त्याच्याकडून परत मागायला हवे होते.

त्या दिवशी मी त्याला नुसता चहा पाजला.