पायदळाचा इंग्रजी शब्द

सैन्यात निवड झालेल्या मुलांना आमच्या शाळेत फेटा बांधून निरोप देतात. भाषण दरवर्षी माझंच असतं. यंदा तयारी करताना पायदळाला इंग्रजीत ‘इन्फन्ट्री’ का म्हणतात ते शब्दकोशात पाहिलं. त्याचं लॅटिन मूळ निघालं, अजून बोलता न येणारं मूल. घोडदळात घेण्याइतकी जाणती नसलेली पोरं पायी लढायची, त्यावरून हा शब्द आला म्हणे. तेव्हापासून भारदस्त शब्दांचा मला संशय येतो, माझ्या स्वतःच्या तर जास्तच.

फेटा बांधून घेताना पायदळात निवड झालेल्या विकासला हसू आवरत नव्हतं. “हलू नका, नवरदेव!” पोरं ओरडली. त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “सर, पायदळवाले पुढंच असतात का हो?”

“तसं काही नसतं, ताई,” हे माझं नेहमीचं उत्तर ओठांवर आलं. पण माझ्या मुलाने भरतीचा फॉर्म आणला, तेव्हा मुदत संपेपर्यंत मीच तो कपाटात दडवून ठेवला होता.

“हो, पुढंच असतात,” मी म्हणालो.

“त्याला ठाऊक आहे, सर. मलाच कुणी सांगत नव्हतं.”