विटलेली तबकडी

विटलेल्या वस्तूवर आमच्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या जव्हारात सापडायचा नाही. आणि घटकाभर कुठे बूड टेकतील तर शपथ. जुनी किल्लीची मनगटी घड्याळं जमवायचा त्यांना नाद. घड्याळ चालतं का, हे ते विचारतच नाहीत. तबकडीचा रंग किती उतरलाय, एवढंच बघतात. पांढरीची चहाच्या रंगाची झालेली, निळीची राखाडी झालेली, अशी एकेक तबकडी ते खिडकीशी नेतात, दाराशी आणतात, पुन्हा खिडकीशी नेतात. तोवर समोरचा चहा निवतो. "अहो, कारखान्यातून सगळ्या सारख्याच निघाल्या होत्या," ते मला ऐकवतात, "निराळ्या झाल्या त्या ज्याच्या त्याच्या उन्हानं." लग्नातही ते तोंडं सोडून मनगटं बघत फिरतात. एकदा त्यांनी वरपित्याचा हात धरून उजेडाकडे वळवला, तर त्या बिचाऱ्याला वाटलं, भविष्य सांगतायत.

मोखाड्याच्या बाजारात त्यांना पोशेऱ्याचा एक म्हातारा भेटला. त्याच्या घड्याळाची काळी तबकडी जन्मभर शेतात तापून नाचणीच्या भाकरीसारखी तपकिरी झाली होती. साडूंची झोपच उडाली. दर बाजाराला मोखाडा. जीप भरेपर्यंत धीर नाही, म्हणून चालत सुटायचे आणि जीप त्यांना वाटेत उचलायची. म्हातारा हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी एकदा म्हणाला, "दिवाळीला घरा ये. तुलाच देन."

सोबत मीही गेलो. म्हाताऱ्यानं फडक्यातून घड्याळ काढलं. तबकडी काळीकुळकुळीत, आकडे पांढरेशुभ्र.

"पाव्हन्याला इटलेला कसा देवाचा? नाशिकला धाडून नवा रंग मारून आनला," तो म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की मला साडूंकडे बघवेना. ते मात्र चक्क मांडी घालून बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "बाबा, तुमच्याच हातानं बांधा."

तेव्हापासून त्यांनी दुसरं घड्याळ मनगटाला लावलेलं नाही. घराबाहेर पडले की आधी बाही वर दुमडतात. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याचं ऊन पुसलं गेलं ना, आता माझं लागू दे."

असा रंग उतरायला उभं आयुष्य लागतं आणि साडूंनी सत्तरी ओलांडलीय, हे त्यांना माझ्याआधी कळलंय. तरी जीप भरायचीही वाट न बघणारा हा माणूस रोज सकाळी ओट्यावर, उन्हात हात धरून, निवांत बसलेला असतो. मला ते बघून फार वाईट वाटतं, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसतो.