कारध्याचे काका आणि माझे बेडूक

गाडीने सातारा सोडला तेव्हा सर समोरच्या बाकावर बसून माझंच संशोधन मला समजावून सांगत होते. भातखाचरातले बेडूक काय काय खातात, यासाठी मी दोन पावसाळे गुडघाभर चिखलात काढले होते. सर आमचे विभागप्रमुख. चिखलात ते आले नव्हते, शोधनिबंधात मात्र आले होते. आमच्याकडचा रिवाजच तसा. भाषण मी लिहायचं, बोलायचं सरांनी, आणि मी कोपऱ्यात बसून पडद्यावरच्या स्लाइड पुढे सरकवायच्या. या वेळी भंडाऱ्याच्या परिषदेवाल्यांनी कळवलं, की ज्याने काम केलं त्यानेच बोलावं. सरांच्या तोंडाची चवच गेली.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "मी पहिल्याच रांगेत असेन. अडकलीस की उठतो आणि सांभाळून घेतो."

मला अडकण्यापेक्षा त्या उठण्याचीच जास्त धास्ती. ते एकदा उठले, की पुन्हा कुणी मला माइकजवळ उभं करणार नव्हतं. एवढं आठ मिनिटांचं भाषण आपल्याच तोंडाने पुरं करायचं, बाकी बक्षीसबिक्षीस गेलं खड्ड्यात, असं मी ठरवलं होतं. पण ठरवणं वेगळं. चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं तरी मी पुढचं वाक्यच विसरते.

दुसऱ्या दिवशी भंडारा रोड स्टेशनवर उतरलो. स्टेशन नावाला भंडाऱ्याचं. गाव आहे वरठी, आणि भंडाऱ्याला जायला पुन्हा रिक्षा. सर लॉजवर गेले. मी वैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडे कारध्याला, नीता नावाच्या माझ्या मैत्रिणीच्या काकांकडे. दिवाळी नुकतीच झालेली. धान कापून झालं होतं आणि शेताशेतांत पुंजणे (धानाच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग) उभे होते. वाटेत एक लहानसं तळंही दिसलं. रिक्षा थांबवून बेडूक बघावेत असं वाटलं, पण रिक्षावाल्याचा चेहरा बघून गप्प बसले.

"या बाई, लय दुरून आल्या," काकूंनी दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला. "भूक लागली असन. आज पोपटाची भाजी केली हाय."

मी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका. माझा चेहरा बघून काकू पदर तोंडाला लावून हसल्या. पोपट म्हणजे वालाचे हिरवे दाणे, हे ताट समोर आल्यावर कळलं. मग लाज सोडून भातावर तीनदा वाढून घेतली.

काका धान पिकवतात आणि हंगाम सरला की झाडीपट्टीच्या नाटकांत (या भागात गावोगाव होणारी गाण्यांची नाटकं) प्रॉम्प्टर म्हणून जातात. नट बिचारे आज या गावात, उद्या त्या गावात, पाठांतराला वेळ कुठला? काका पडद्याआडून वाक्य सांगतात, नट ते रंगवून म्हणतो. कुणी कधी आत यायचं आणि बाहेर जायचं, तेही काकाच बघतात. मोठमोठ्या नटांनाही त्यांनी एंट्रीवरून झापलंय, असं काकूंनी कौतुकाने सांगितलं.

संध्याकाळी अंगणात मी भाषणाची तालीम केली. काका खाटेवर मांडी घालून ऐकत होते. दोन पानं झाली आणि त्यांनी हात वर केला.

"यात हिरो कोन हाय?"

"बेडूक."

"मंग थो इतका उशिरा काहून येते? लोकं हिरोची वाट पाहून राहिले, अन् तू पान्याचं तापमान सांगून रायली!"

मला आधी राग आला. मग पानं चाळली तर बेडूक खरंच पाचव्या पानावर होता. मी त्याला उचलून पहिल्या वाक्यात टाकला आणि तापमान एका ओळीत उरकलं. काकूंनी मध्येच एखादं गाणं घालण्याचा आग्रह धरला, तो मात्र मी मोठ्या मुश्किलीने परतवला. झोपायच्या आधी काकांनी भाषणाची एक प्रत मागून घेतली. म्हातारपणी माणसाला वाचनाची आवड असणं चांगलंच, असं मनात म्हणून मी ती दिली.

सकाळी काकांनी स्कूटरवरून मला सभागृहात सोडलं. ते घरी परतले असतील असं मी धरून चालले. माझं नाव पुकारलं गेलं. पहिल्या रांगेत सर कोटाची गुंडी लावून तयारच होते. मी माइकपाशी गेले आणि पहिलं वाक्य म्हटलं: "तुमच्या ताटातल्या भाताची राखण एक बेडूक करतो." लोकांनी मोबाइल खाली ठेवले. परिणाम साधावा म्हणून मी जरा थांबले.

"अन् त्या राखणीची मजुरी थो मांगत नाई!" व्यासपीठामागच्या पडद्याआडून खणखणीत आवाज आला.

वाक्य माझंच होतं, बोली तेवढी काकांची. अध्यक्षांनी माइक हलवून पाहिला. सरांनी छताकडे पाहिलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. काकांच्या धंद्यात नट थांबला म्हणजे विसरला, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी त्यापुढे श्वास घेण्यापुरतीसुद्धा थांबले नाही.

निम्म्यात आले आणि प्रोजेक्टर बंद पडला. स्लाइडचा पडदा काळा. त्यासोबत माझं डोकंही काळं. बेडूक, खाचर, किडे, सगळे कुठे पळाले कळेना. सर उठले. गुंडी चाचपत, चेहऱ्यावर दिलासा घेऊन त्यांनी व्यासपीठाच्या पायरीवर पाऊल ठेवलं. संपलं, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अंधार पडला की बेडूक बांधावर येते," पडद्यातून आवाज आला, "अन् मंग किड्याइची खैर नाई!"

"अंधार पडला की बेडूक बांधावर येतो," मी म्हटलं, "आणि मग किड्यांची खैर नसते." पुढचं आपोआप आलं. तरी सर दुसरी पायरी चढलेच.

"ओ कोटवाले सर! तुमची एंट्री नाई अजून. मांगं व्हा!"

सभागृह असं हसलं की अध्यक्षांचा चष्मा खाली आला. सर एक पाय वर, एक पाय खाली, तसेच क्षणभर राहिले आणि परत जाऊन बसले. मी स्लाइडशिवाय, घंटा वाजायच्या आत भाषण संपवलं. प्रश्न आले. प्रश्नोत्तरं कुठल्याच पानावर नव्हती, त्यामुळे पडदा गप्प. दोन उत्तरं माझी मीच दिली, तिसऱ्याला माहीत नाही म्हणून सांगितलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

बाहेर काका स्कूटरला टेकून उभे होते. मी पायाला हात लावला.

"बेस झालं," ते म्हणाले. "पण रडायचा सीन आवरला काहून? पब्लिक तयार होती न!"

परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत सर परिषदेची पुस्तिका उलटसुलट चाळत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते पडद्यामागचे गृहस्थ साताऱ्याला येतील का?"

"कशाला, सर?"

"पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान आहे. तू कोपऱ्यात बसून स्लाइड सरकवलीस की मला पुढचं सुचतं. आता तू स्वतःच बोलायला लागलीस. कोपऱ्यात तू नसलीस तर..." ते थांबले. पुढचं त्यांना खरंच सुचत नव्हतं.

मला राग यायला हवा होता. पण हसू आलं, आणि थोडी कीवही. ज्या माणसाच्या उठण्याला मी एवढी भ्याले, तो माझ्याच टेकूवर उभा होता. प्रवासात मुलूख तर दिसतोच, पण कधी कधी रोज समोर बसणारा माणूसही पहिल्यांदा तिथेच दिसतो.

मी काकांचा नंबर दिला. "येतील की, सर," म्हटलं. "पण ते लिहिलेलंच सांगतात. आणि या खेपेला लिहायचं मात्र तुम्हालाच आहे."