माडीच्या फळ्या आणि मामाजी

लग्न होऊन नाचणगावला आले तेव्हा माडीवरची खोली आम्हां दोघांना मिळाली. माझ्या माहेरी, तळेगावला, सगळी जमीन शेणानं सारवलेली. इथं पायाखाली सागवानी फळ्या. पहिल्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी पाऊल टाकायलाही भ्यायला लागले. खिडकीशी गेले, कर्रर्र. पेटी उघडायला वळले, कर्रर्र. आणि आमच्या खोलीच्या बरोबर खाली, बैठकीत, सासऱ्यांची खाट.

सासऱ्यांना मामाजी म्हणायची पद्धत. पण मी त्यांच्याशी बोलतच नसे. सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं तर सासूबाईंकरवी. ते पुढ्यात बसलेले असले तरी मी सासूबाईंना विचारायची, "मामाजींले चहा आणू काजी?" त्यावर तेही सासूबाईंकडेच बघून म्हणायचे, "आण म्हणा तिले."

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्हाला मुलगी झाली. उन्हाळ्याचे दिवस. फळ्या वाळून आणखीच वाजायला लागल्या. मी तिला खांद्यावर थोपटून झोपवायची, हळूच पाळण्यात ठेवायची आणि पाऊल मागं घेतलं की कर्रर्र! पोरगी टक्क जागी, आणि रडायला सुरुवात.

एका दुपारी ती अशीच तिसऱ्यांदा रडायला लागली. खालून मामाजींचा आवाज आला, "त्या फळ्याईचा बंदोबस्त कराच लागते आता!"

हे पुलगावला गिरणीत पाळीवर गेलेले. सासूबाईंनी नातीला खांद्यावर घेतलं आणि मामाजींनी खाटेवर उताणं पडून काम सुरू केलं. हातात लांब काठी, नजर वरच्या फळ्यांवर. मी वर चालायचं आणि कोणती फळी हलते ते त्यांनी खालून पाहायचं. अडचण एकच. सासूबाई पोरीला घेऊन मागच्या अंगणात गेल्या होत्या. आता निरोप द्यायचा कोणाकडून?

मग खालून हाक आली, "सूनबाई, कोठी उभी हायेस वं?"

वर कोणी नसतानाही मी पदर पुढं ओढला. आणि म्हटलं, "पाळण्यापाशी जी."

"जरा पाय आपट."

सासऱ्याच्या डोक्यावर पाय आपटायचा! मी अलगद टेकवला.

"मांजर चालून राह्यली का? जोरानं आपट!"

मग मी आपटला. एकदा आपटल्यावर मजाच यायला लागली. ते ओरडायचे, "सरक! अजून! थांब, हीच हाय!" आणि काठीनं खालून ठोकायचे. मी त्या जागी खडूनं फुली मारायची. फळी तुळईवर जिथं सैल बसली होती, तिथं मामाजींनी स्टुलावर चढून बांबूची पातळ पाचर हळूहळू ठोकली. जिथं दोन फळ्या एकमेकींना घासत होत्या, तिथं काय करावं ते कळेना. मला पोरीच्या पावडरचा डबा दिसला. फळ्या घासायच्या थांबतील म्हणून मी फटीत भरपूर पावडर ओतली.

खालून खोकल्याचा आवाज आला. मी फटीतून पाहिलं. मामाजींच्या मिशा, भुवया, सगळं पांढरं झालं होतं.

"अगं माय, सांगून तं टाकजो!"

तेवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या. आमचं आपटणं, ओरडणं ऐकून त्यांना वाटलं, सासरा-सुनेचं भांडण जुंपलं. दारात येऊन पाहतात तर मामाजी पावडर लावलेल्या तोंडानं स्टुलावर उभे.

"काऊन जी, हे काय करून राह्यले?"

"सून सांगते तसं करून राह्यलो," मामाजी म्हणाले, आणि स्वतःच इतके हसले की स्टूल डगमगायला लागलं. वर मी पोट धरून बसले होते.

ऊन उतरेपर्यंत पाळण्याभोवतालच्या सगळ्या फळ्या गप्प झाल्या. दाराजवळची एक मात्र काही केल्या ऐकेना. तिच्यावर आम्ही सतरंजी टाकली आणि ती ओलांडून जायचं ठरवलं.

संध्याकाळी हे घरी आले तेव्हा पोरगी वर गाढ झोपली होती. मी पदर सावरत चुलीपाशी होते. मामाजी बैठकीतून थेट मला विचारत होते, "सूनबाई, त्या जिन्याच्या पायऱ्याही वाजतेत. उद्या त्या घ्याच्या काय?"

हे चप्पल हातात धरून दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "घेऊ जी. पण चहा झाल्यावर."