नागमोडी कडा

आमच्या वहिनीच्या हातात कात्री असली की तिच्याशी वाद घालू नये. लग्नाआधी नऊ वर्षं ती एका छापखान्यात पुठ्ठे कापायची, आणि तिथे तिच्या हातची रेघ केसभरही सरकत नसे, हे तिनेच मला किमान शंभर वेळा सांगितलंय. मी तिची नणंद, वयाने मोठी. वरच्या मजल्यावर राहते, दवाखान्याच्या औषधखिडकीवर काम करते आणि दुपारी येऊन तिच्याच टेबलावर जेवते. त्यामुळे तोंड उघडायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी समजते. ती तसं समजत नाही.

तिची थोरली पोर सहाव्या वर्षी शाळेत गेली आणि चार महिन्यांत बोलायचीच बंद झाली. घरात कुजबुजायची, बाहेर तेही नाही. वहिनीने तिला घरी आणलं आणि शिक्षण खात्याकडे खेटे घालून घरीच शिकवायची परवानगी मिळवली. ती एका वर्षाची. वर्ष संपलं की तपासनीस बाई येणार. पोरीला वाचता आलं तर परवानगी वाढणार, नाहीतर पुन्हा तीच शाळा, तोच वर्ग. माझा भाऊ स्वभावाने भित्रा. त्याने तेव्हापासून कॅलेंडरकडे बघणंच सोडलं.

वहिनीने मात्र कंबर कसली. बुटांचे खोके, बाटल्यांची झाकणं, जुनी चादर, घरातलं काही म्हणून तिच्या तावडीतून सुटलं नाही. माझ्या नव्या पंख्याचं खोकंही माझ्या देखत गेलं. त्यातून मोजणीचे खेळ झाले, घड्याळ झालं, आणि जोडपत्ते झाले. जोडपत्ते म्हणजे तिचा जीव की प्राण. पत्त्याच्या एका अर्ध्यावर चित्र, दुसऱ्यावर त्याचा शब्द, आणि मधला काप नागमोडी. प्रत्येक पत्त्याचा काप वेगळा, म्हणजे चुकीची जोडी बसणारच नाही. "कुणी ओरडायला नको ताई, चूक पुठ्ठाच सांगेल," ती म्हणाली. मला ते फार हुशारीचं वाटलं, आणि मी असं उठसूट म्हणत नाही.

सहा महिन्यांत थोरली सव्वाशे पत्ते पंधरा मिनिटांत लावू लागली. आल्यागेल्याला दाखवून वहिनी नुसती फुलून जायची.

तपासणीला नऊ दिवस उरले होते. दुपारी मी जेवायला बसले होते आणि धाकटी जमिनीवर जोडपत्ते घेऊन बसली होती. धाकटी चार वर्षांची, अक्षरांशी तिची अजून तोंडओळखही नव्हती. स्वतःशीच गुणगुणत तिने चाळीस पत्ते जुळवले, एकही चूक नाही. मी आधी हसले. मग वहिनीकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

वहिनीने शब्दाचा एक अर्धा उचलून थोरलीसमोर धरला आणि वाच म्हणाली. थोरलीने तो नीट पाहिला, मग चित्राचा अर्धा शोधायला इकडेतिकडे बघू लागली. आईने पुन्हा विचारलं. पोरीने त्या कडेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "इथे खड्डा आहे."

वर्षभर पोर शब्द वाचत नव्हती, वहिनीची कात्री वाचत होती. इतर कुणाच्या हातून जोड्या इतक्या चपखल बसल्या नसत्या, आणि हे घडलंच नसतं.

त्याच संध्याकाळी वहिनीने सगळ्या कडा सरळ कापून टाकल्या. सुटी अक्षरं थोरलीला येत होती, पण ती जोडताना तिला घाम फुटायचा. सकाळपासून अंधार पडेपर्यंत एकच धोशा. चौथ्या दिवशी वहिनीचा आवाज मला वर ऐकू आला. सहाव्या दिवशी थोरलीने घरातलं कुजबुजणंही सोडलं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी खाली जाऊन म्हटलं, "तू तीच शाळा घरात उघडलीस." वहिनी माझ्याशी दिवसभर बोलली नाही. पण पत्ते कपाटात गेले, आणि पोरीला मांडीवर घेऊन ती एक ओळ आपण, एक ओळ पोरीने, असं वाचू लागली. नवव्या दिवशी थोरली तीन ओळी वाचत होती. बोट ठेवून, पुटपुटत, आणि कुणी बघत नसेल तरच.

तपासनीस बाई वेळेवर आल्या. साध्याच होत्या, गुडघा दुखत होता म्हणून आधी खुर्ची मागितली. भिंतीवरचं घड्याळ त्यांना आवडलं, झाकणं आवडली. मग फळीवरचा एक डबा त्यांनी स्वतःच उतरवला. त्यात प्राण्यांचे जोडपत्ते होते, वहिनीने केलेले अगदी पहिले. तेवढ्यांना कात्री लावायला तिचा हात धजला नव्हता.

बाईंनी सगळे अर्धे टेबलावर पसरले आणि लाव म्हणाल्या. कासव, बदक, ससा, घोडा. दोन मिनिटांत सोळाच्या सोळा जोड्या लागल्या.

बाई खूश झाल्या. एवढं येतंय तर पान वाचून घ्यायची गरज नाही, म्हणाल्या, आणि फॉर्म पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. दारात भाऊ श्वास रोखून उभा होता. एक सही, आणि वर्ष आमचं. देवा, लवकर कर, असं मी मनात म्हटलं, हे मी लपवत नाही.

"मी वाचलं नाही. कडा बघून लावलं."

आवाज ओळखायला मला क्षणभर लागला. परक्या माणसासमोर थोरली वर्षभर बोलली नव्हती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पिशवीतून छापील पान काढून तिच्यापुढे सरकवलं. थोरलीने बोट ठेवलं आणि वाचू लागली. पहिली ओळ गेली. दुसरी धडपडत गेली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर गाडी अडली ती अडलीच. बाईंनी पान परत घेतलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या. परवानगी तीन महिने. त्यानंतर त्या पुन्हा येणार आणि पानच वाचून घेणार.

उठताना त्यांनी वहिनीला एवढंच विचारलं, की या कडांचं तुम्हाला माहीत होतं का. वहिनी हो म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि निघाल्या. भाऊ त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. पोरी आत पळाल्या, आणि आतून थोरलीचा आवाज येत होता, चांगला मोठा.

वहिनी टेबलाशी तशीच बसून होती.

"मी सही होऊ देणार होते, ताई," ती म्हणाली.

"मीही," मी म्हटलं.