गोधडीवर पास झालेली झांज

माझ्या नवऱ्याला झांज वाजवण्यापेक्षा ती थांबवण्यात जास्त रस होता. ड्रमसेटच्या बाजूला स्टँडवर पितळेची मोठी थाळी असते, ती. हे तिला सिंबल म्हणत, मी झांज. काठी जोरात मारायची आणि आवाज फुटला रे फुटला की दुसऱ्या हाताच्या चिमटीत तिचा काठ पकडायचा. सगळं एकदम गप्प. त्या गप्पपणात गाणारी बाई पुढची ओळ उचलायची आणि मांडवातल्या बायका आनंदानं किंचाळायच्या. मी यांना पहिल्यांदा पाहिलं ते हेच करताना. लग्नाला हो म्हणायला मला तेवढं पुरलं, यावरून मी किती शहाणी होते ते कळावं.

वर्तकनगरच्या पुढे यांची कंपनी होती. नव्वद सालानंतर दोन-चार वर्षं उलटली आणि तिला टाळं लागलं. ठाण्यातली खोली सोडून आम्ही दिवा स्टेशनजवळच्या एका चाळीत आलो. तिथे भाडं कमी होतं आणि पाणीही. कंपनी बंद पडलेल्या माणसाची लोक आधी चौकशी करतात, मग त्याला सल्ले देतात आणि शेवटी रस्ता बदलतात. आमच्याकडे हे सगळं क्रमानं झालं. यांच्याजवळ उरली ती पार्टी. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत हळदीला वाजवणारी पाच-सहा जणांची पार्टी. पार्टीचा मालक स्वतः कीबोर्डवर असायचा. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा माणूस हळदीच्या दिवशी सकाळीच दाढी करायचा, शर्टाला इस्त्री करायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा. पार्टी गेली तर हा माणूस भिंतीकडेच राहील, ही भीती मला रात्रंदिवस होती. दुसरं कशाचंच मला एवढं भय वाटत नव्हतं.

आणि मालकानं ऑक्टोपॅड आणला. रबराचे चौकोन बसवलेली पेटी. एका चौकोनावर काठी मारली की ढोल, दुसऱ्यावर मारली की झांज. ड्रमसेटला टेम्पोत जागा लागते, पेटी काखेत मावते. ड्रमसेट मालकाचाच होता, तो गोदामात गेला. बाकीचे आवाज यांनी महिन्याभरात बसवले, पण झांजेपाशी गाडी अडली. चौकोनावर मारलं की ती छऽऽऽ करत तिच्या मनाला येईल तोवर वाजत राहायची. रबराला काठच नाही तर धरणार काय?

“अगं, हात उठतो आणि मध्येच लटकतो,” हे म्हणाले. “लोकांना दिसतं ते.”

मालकाला तर दिसतच होतं. “जमत नसेल तर सांग, शिकलेली पोरं खूप फिरतायत,” असं तो सगळ्यांसमोर बोलला होता. हे मला यांनी नाही, ढोलकीवाल्याच्या बायकोनं सांगितलं.

मी तेव्हा मानपाड्याच्या एका कारखान्यात दारावरच्या घंटीचे बझर जोडत होते. आमच्या टेबलावर सगळ्या बायकाच. पितळेची रुपयाएवढी पातळ चकती, तिच्यावर पांढरा लेप, तिला दोन बारीक तारा सोल्डर करायच्या. वीज दिली की चकती थरथरते आणि आवाज करते, एवढं मला ठाऊक होतं. एकदा मीटरला जोडलेल्या चकतीवर माझ्या हातून चिमटा पडला आणि मीटरचा काटा उडाला. पुन्हा पाडून पाहिला, पुन्हा उडाला. म्हणजे चकती उलटंही काम करते. तिला धक्का द्या, ती वीज देते. पेटीतल्या रबराखाली दुसरं काय असणार? आणि पेटीच्या मागे बाहेरून आणखी एक पॅड जोडायला भोक होतं, ते मी पाहिलेलं होतं. सुपरवायझरला विचारून खराब ठरलेल्या मूठभर चकत्या मी घरी आणल्या.

पहिली झांज पातेल्यावरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाची केली. चकती मधोमध चिकटवली. एक मारली की तीन ऐकू यायच्या, कारण झाकण थरथरत राहायचं आणि चकतीला प्रत्येक थरथर नवा मार वाटायची. मग प्लायवूडचा गोल कापून घेतला, त्यावर टायरच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं. तिनाची एक झाली, पण चकतीच्या डोक्यावर मारलं तर कानठळ्या आणि काठावर मारलं तर कुजबुज. चकती आणि लाकूड यांच्यामध्ये जुन्या स्लिपरच्या तळव्याचा तुकडा घातला, तिला मधून थोडी बाजूला सरकवली, तेव्हा कुठे मार सगळीकडून सारखा पोहोचू लागला. माझ्या नाकी नऊ आले होते, पण मजाही येत होती, ते खोटं का सांगू. हेही उठून बसू लागले. हेडफोन एकच, म्हणून एक कान यांचा आणि एक माझा. लग्नानंतर इतके जवळ आम्ही बहुधा तेव्हाच बसलो.

धरण्याची युक्ती यांचीच. काठाखाली तांब्याच्या दोन पट्ट्या, मध्ये स्पंजाची कडी. चिमटीत काठ दाबला की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या. त्यांच्या तारा पेटीच्या पायपेडलच्या भोकात नेल्या, कारण ते पेडल दाबलं की झांज बंद होते. यांनी मारली, धरली. हेडफोनमध्ये एकदम गप्प. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतेच हसले. मला रडू आलं, ते मी सोल्डरच्या धुराच्या नावावर खपवलं.

आमच्या भिंतीपलीकडचा शेजारी रात्रपाळीला जायचा आणि दुपारी झोपायचा. आमची सुट्टी म्हणजे त्याची झोप. काठीचा ठोका भिंतीतून गेला की तो पलीकडून लाथ मारायचा. म्हणून आमचं सगळं काम गोधड्यांवर चालायचं. घरातल्या सगळ्या गोधड्यांची चळत आणि तिच्यावर झांजेचा स्टँड. चाळीतल्या माणसाला शेजाऱ्याची झोप सांभाळावीच लागते, त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. झांज गोधडीवर पास झाली आणि आम्ही ती हळदीला नेली.

मीही गेले होते. कोळीवाड्यात पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केलेलं. सुरुवातीला झांज अशी वाजली आणि अशी थांबली की मालकानं मान वळवून पाहिलं. मला वाटलं, जिंकलं. मग नवरदेवाच्या आईला नाचवायला बायका वर चढल्या. हळदीला आईला स्टेजवर नाचवल्याशिवाय कोणी खाली बसत नाही, आणि या बायका नाचतात म्हणजे फळ्या बोलतात. पहिला पाय आपटला आणि झांज वाजली. दुसरा आपटला, पुन्हा वाजली. मग वीस पाय आणि छऽऽ छऽऽ छऽऽ, गाणं कुठे आणि झांज कुठे.

“बग गो, हात न लावता वाजतंय!” एक म्हातारी ओरडली आणि सगळ्या खिदळल्या.

तार ओढून काढली असती तर झांजच गेली असती. यांनी डाव्या चिमटीत काठ धरला आणि सोडलाच नाही. धरलं की बंद. मारायची असेल तेव्हा क्षणभर सोडायचे, मारायचे आणि पुन्हा धरायचे. बाकी सगळं एकट्या उजव्या हातानं. उरलेला ठेका मालकानं कीबोर्डमधल्या भरलेल्या तालावर ओढला. त्यानंतर मांडवात कोणाला काही कळलं नाही, हळद उधळत राहिली. मी मात्र यांचा डावा हात बघत होते. त्या हातावर शिरा उभ्या राहिल्या होत्या.

घरी आल्यावर मी झांज गोधड्यांवरून काढून फरशीवर ठेवली आणि शेजारी पाय आपटला. वाजली. इतकं सोपं होतं ते. जमिनीचा धक्का स्टँडमधून चढून चकतीला मिळत होता आणि आमच्या गोधड्या तो आजवर गिळत आल्या होत्या. स्वतःच्या अकलेची मला इतकी चीड आली की भाकरी करपली. मग हट्टानं बसले. स्टँडच्या पायांना जाड स्पंज बांधला, झांज स्टँडवर बसते तिथे रबराचे वॉशर घातले, पेटीवरचं बटण कमी केलं, म्हणजे बारीक धक्के तिनं ऐकूच नयेत.

मालक रविवारी आला. तो या झांजेचं काय करायचं ते बोलायला आला असणार, म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आधीच मी सुरू झाले. हेडफोन त्याच्या कानाला लावला आणि फरशीवर उड्या मारून दाखवल्या. झांज गप्प. शेजाऱ्यानं भिंतीला लाथ घातली, तरी गप्प. “आता हळूच मारा,” मी मालकाला म्हटलं, “आणि धरा.” त्यानं मारली, धरली, पुन्हा मारली. त्याला पहिल्या फटक्यात जमलं. मी काय खुलले होते म्हणून सांगू! पॅड वाजवायला फारसं काही लागतच नाही, असंही मी बोलून गेले. हे दारापाशी उभे राहून मालकाच्या हाताकडे बघत होते. यांना तेव्हाच कळलं होतं.

“वहिनी, कमाल केलीत,” मालक म्हणाला. मग यांच्याकडे न बघता म्हणाला, “परवा तू एका हातानंच वाजवलंस ना रे. तेव्हाच डोक्यात आलं. ठेका कीबोर्डमध्ये असतोच. ही माझ्या बाजूला लावली की माझाही एक हात मोकळा असतो. टेम्पोत माणसांची पण गर्दी होते, तुला माहितीये.”

माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा अर्धा ठेवला, एवढी लाज त्याला वाटत होती. मी झांज देणार नव्हते, तसं तोंडावर सांगणारही होते. पण यांनीच तिच्या तारा गुंडाळल्या, वर्तमानपत्रात ती बांधली, पेटी काखेत मारली आणि दोन्ही देऊन मालकाला रस्त्यापर्यंत पोहोचवून आले.

“चांगली बनवलीस तू,” आल्यावर म्हणाले. टोमणा असता तर मी कडाकडा भांडले असते. टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले, तेव्हा हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी चपला घालत असताना यांनी विचारलं, “तुमच्याकडे त्या चकत्यांच्या कामाला माणसं घेतात का गं?”

“आमच्याकडे फक्त बायका घेतात,” मी म्हटलं.

हे बरं म्हणाले, शर्ट काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.